एकेक ओंजळ कापूस

औरंगाबाद, १० डिसेंबर १९८३

तीर्थरूप दादांस बन्सीधरचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होते. आईचा खोकला थांबला का?

परवा कडूबाई नातीला इथल्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. वसतिगृहाच्या फाटकाशी विचारत होत्या, "आमचा डाक्टर कुठं हाय?" मी खिडकीतून पाहिले आणि मी गावाला गेल्याचा खोटा निरोप पहारेकऱ्याकरवी दिला.

त्या हसल्या. "गावाला? आमी गावाकूनच यायलाव की!"

भाकरीचे फडके ठेवून त्या गेल्या. नातीला औषध मिळाल्याची मी मागाहून दवाखान्यात खात्री करून घेतली.

दादा, पास झाल्याचे मी खोटे लिहिले होते. पहिल्याच वर्षी नापास झालो आहे. सेलूच्या बाजारात कापूस नेताना गाव माझ्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी दर गाडीमागे ओंजळभर बाजूला काढते. कडूबाईंना गाडी नाही. त्या दुसऱ्यांच्या शेतात वेचणी करून मिळणाऱ्या वाट्यातून देतात.

मार्चमध्ये पुन्हा परीक्षेला बसेन. पण माझ्यासाठी यंदाचा कापूस बाजूला काढण्याआधी सगळ्यांना हे कळू द्या. नेहमीप्रमाणे गुरुजी सगळ्यांसमोर पत्र वाचतील, तेव्हा कडूबाईंना पुढे बसवा.

फडके धुऊन ठेवले आहे.

तुमचा,
बन्सीधर