तांब्याची परीक्षा आणि बोटावरची शाई

प्रिय सरूआत्या,

तुला वाचता येत नव्हतं. कचेरीची नोटीस असो, देवणीहून आलेलं तुझ्या सासरचं कार्ड असो, नाही तर गुळाच्या पुडीचा कागद असो, मी मोठ्याने वाचायचं आणि तू रांजणाला टेकून ऐकायचं, अशी आपली वाटणी होती. म्हणून हे पत्रही आधी लिहितो, मग रांजणाशी बसून तुला वाचून दाखवतो. माझी बायको सुमन हसेल. हसू दे, तुझीच सून ती.

आजच का लिहायला बसलो? आज नगरपालिकेचं मतदान झालं. तू गेल्यानंतरचं पहिलं. अजून दिवस बुडायचा आहे, बोटावरची शाई ताजी आहे आणि मला तुझ्यापुढे एक गुन्हा कबूल करायचा आहे. पण तो जरा वेळाने. आधी गंमत सांगतो, म्हणजे तुझा राग निम्म्यावर येईल.

पाऊस यंदाही फिरकला नाही. नळाला पाणी कधी येतं ते नळालाच ठाऊक. अख्ख्या गल्लीचा जीव त्या एका हापश्यावर आहे, आणि तोही दहा वेळा दांडा मारला की एकदा खोकतो. आपल्या लातूरचा जिल्हा झाला तेव्हा चौकात पेढे वाटले होते, आठवतं? सगळे नाचत होते आणि तू मला हळूच विचारलंस, "जिल्हा झाला म्हणं. मग आता घागर जरा जवळून आणायची का रं?" मी तुला वेड्यात काढलं होतं. नव्या जिल्ह्याने मला नव्या कचेरीत कारकुनी दिली, मी खूश होतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी तुझा थाट काय असायचा! एरवी थेंबाथेंबाला जपणारी तू, त्या दिवशी पहाटे डोक्यावरून न्हायचीस. पांढरं धुवट लुगडं नेसून शाळेचं फाटक उघडायच्या आधी हजर. मी म्हणायचो, एवढी घाई कशाला, तुझ्या एका मताने काय होणार आहे? तर तू म्हणायचीस, "गुत्तेदाराला बी एकच अन् मला बी एकच. असं दुसरं काय हाय ह्या गावात, जे आमा दोघांला सारखं मिळतं? सांग की."



आणि तुझी ती तांब्याची परीक्षा! तुझ्या तरुणपणी मत मागायला येणारे उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे आणि तांब्या पुढे केला की "आत्ताच घेतलं" म्हणायचे. आपल्या बौद्धांच्या गल्लीत पाऊल टाकलं की वरच्या आळीतल्या भल्या भल्यांची तहान पळून जायची. तेव्हापासून तू नेम धरलास. जो येईल त्याला आधी पाणी. नाही पिला तर, "मत पायजे अन् पाणी नको? चला, म्होरं व्हा." हळूहळू सगळी गल्लीच तांब्या घेऊन दारात उभी राहायला लागली.

तुझी ही परीक्षा आता इतकी गाजली आहे की पेपर फुटला, आत्या.

या वेळी टँकरचं कंत्राट घेणारे ते गुत्तेदार उभे होते, कपबशीचं चिन्ह घेऊन. त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेलं. पहिल्या घरापासून जे प्यायला लागले ते प्रत्येक दारात प्यायले. आपल्या दारात येईपर्यंत पोट नगाऱ्यासारखं झालेलं, तरी दोन गिलास रिचवले. निम्मं धोतरावर सांडलं. सुमन नंतर म्हणाली, तेवढ्यात माझी डाळ शिजली असती. तरी लोक खूश. समोरच्या शेवंताकाकूंनी तिथल्या तिथे निकाल लावला, "पास हाय बगा मानूस."

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. गेल्या साली शाळेतून निवृत्त झालेले, राहायला वरच्या आळीत. चिन्ह छत्री. शेवंताकाकू गप्प बसतात होय?

"पाऊस न्हाई, पाणी न्हाई, अन् छत्री कामून घेतली गुरुजी?"

"तेवढीच उरली होती, बाई," गुरुजी म्हणाले. "बरी बरी चिन्हं आधीच गेली."

सगळे हसले. मी तुझ्या जागी उभा राहून तांब्या पुढे केला. गुरुजींनी तो हातात घेतला, आत बघितलं आणि तसाच परत दिला. म्हणाले, "राहू द्या."

 माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तुझी शपथ, लहानपणापासून तू सांगितलेले ते सगळे "आत्ताच घेतलं"वाले माझ्यापुढे उभे राहिले. मी विचारलं, "का हो गुरुजी, आमच्या घरचं चालत नाही का?"

गुरुजी दचकलेच. मग म्हणाले, "तसं न्हाई हो. येताना हापश्यापाशी बघितलं. रांगेत पार शेवटी तुमची मंडळी उभी हायत. त्यांची घागर आली न्हाई तोवर घरात एवढंच पाणी असंल, म्हणून..." आणि मग स्वतःच हसले. "पर तुमचं बी खरं हाय. कुणी अन् का नको म्हणलं होतं, ते मला ठावं असायला पायजे. आणा." तांब्या घेतला, एक घोट पिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. हापश्याचा वायसर कधी बदलला? अर्ज कोणी दिला? पोच आहे का? पहाटे रांगेत पहिली कोण उभी राहते? खिशातून वही काढून लिहून घेत होते.

ते गेल्यावर गल्लीचं मत ठरलेलंच होतं. एकच घोट पिला, तोही सांगितल्यावर. नापास.

आणि मला तुझं बोलणं आठवलं. तुझ्या त्या परीक्षेचा अर्धा भाग आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. तू म्हणायचीस, "पितो का ते बग, पर तेवढ्यावर जाऊ नको. पिऊन झाल्यावर काय इचारतो ते आईक. पाणी तर म्हैस बी पिती." आम्ही तांब्या लक्षात ठेवला आणि म्हैस विसरलो! गुत्तेदारांनी दोन गिलास पिऊन काय विचारलं होतं? "एकूण मतं किती ह्या गल्लीत?"

मी हे दारोदार जाऊन सांगितलं. लोक हसले, पटलंही. पण शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद, "कुणीबी आलं तर घागर आपल्याच डोक्यावर. कोन जातंय मत टाकाया?"  आणि, आत्या, हे वाक्य माझंच होतं. पारावर बसून मीच ते गल्लीला शिकवलं होतं.

आता गुन्हा सांगतो.

मागच्या खेपेला, तुझ्या शेवटच्या मतदानाला, मी "देऊन आलो" म्हणून तुला बोट दाखवलं होतं. मी गेलो नव्हतो. सुट्टी होती, मित्रांबरोबर सिनेमाला गेलो. आदल्या दिवशीच कचेरीतल्या नव्याकोऱ्या स्टँप पॅडची शाई कागदाला लावून आणली होती आणि ती बोटाला फासली. जेवायला बसताना तू माझ्या हातावर पाणी घातलंस आणि ती जांभळी शाई ताटात ओघळली. मला वाटलं आता तू तोंड सोडणार. तू बोटाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "शाई लई पातळ आली वाटतं औंदा."

मग दुसरा तांब्या भरून आणलास. "धू. नीट धू. पाणी लागलं तरी चालंल."

पाण्याची ओरड तेव्हाही होतीच. भांडी राखेने कोरडी घासणारी तू, अख्खा तांब्या माझ्या खोट्या बोटावर ओतलास आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीस. चार शिव्या का नाही दिल्यास, आत्या? शिव्या मी कधीच विसरून गेलो असतो. तू गेलीस तेव्हा सगळे रडत होते आणि मला तो तांब्याच दिसत होता. मला माझीच लाज वाटली, आणि ती आजपर्यंत गेली नव्हती.

यंदा निवडणुकीच्या ड्युटीच्या यादीत माझं नाव नव्हतं. म्हटलं, सकाळीच जाऊन मत देऊन येऊ. पण बाहेर बघतो तर गल्लीतल्या सगळ्या बाया हापश्यावर. जागची हलायला एकही तयार नाही. मी जाऊन विनवलं. शेवंताकाकू म्हणाल्या, "घागरीचा लंबर गेला तर सांजच्याला काय मत शिजवू का?"

तेव्हा सुमन बोलली. ती कधी चारचौघांत बोलते का? म्हणाली, "आत्याबाई असत्या तर त्यांनी रांगच उचलून नेली असती. घागरी ऱ्हाऊ द्या हितंच. आपण हाय त्याच लंबरानं शाळेत उभं राहू, अन् त्याच लंबरानं वापस येऊ. हे बसतील राखण."

"हे" म्हणजे मी. झालं! घागरी, कळश्या, डालड्याचे डबे ओळीने मांडून बाया निघाल्या आणि मी दगडावर बसून त्या भांड्यांची राखण करायला लागलो. एवढा सरकारी कारकून, पण आज मला जन्मात पहिल्यांदा काहीतरी महत्त्वाचं टेबल मिळाल्यासारखं वाटलं.

शाळेत काय झालं ते सुमनने सांगितलं. एक बाई जरा पुढे घुसली तर शेवंताकाकू मतदान केंद्रातच ओरडल्या, "ए, तुजी घागर माज्या मागं हाय!" बसलेले साहेब हसून हसून शाई लावायची विसरले. बाया गेल्या म्हटल्यावर पारावरचे पुरुषही मान खाली घालून रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

पण वेळ फार लागला. बाया एकेक परत येत होत्या, पाणी भरून घाईने घरी जात होत्या, थांबायला कोणाला सांगणार? ऊन कलायला लागलं. फाटक बंद व्हायची वेळ झाली. सगळ्या गल्लीचं मत झालं आणि माझंच राहतंय की काय! पुन्हा बोट कोरडं! सुमनचा नंबर शेवटचा. ती जवळजवळ पळतच आली.

"उठा. तुमचीच घागर राहिली."

मी पळालो, आत्या. चपला हापश्याशीच राहिल्या. शिपाई फाटक ओढत होता, मी आत शिरलो. शिक्का कुणावर मारला ते सांगायचं नसतं म्हणतात. छत्री उघडली, एवढंच तुला सांगतो.

घरी येऊन ताटावर बसलो. सुमनने हातावर पाणी घातलं. ती पातळ शाईची गोष्ट तिला ठाऊक आहे, मीच लग्नानंतर सांगितली होती. मी बोट चोळलं, पुन्हा चोळलं. पाणी स्वच्छच राहिलं. ती म्हणाली, "औंदा शाई बरी आलीय." मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

उद्या मोजणी आहे. कोण येईल कोणास ठाऊक. पण तुला शब्द देतो. जो निवडून येईल, कपबशी असो की छत्री, त्याला घरी बोलावून तांब्या देईन. तो पिऊन झाला की या वेळी मीच विचारीन, घागर जवळून कधी आणायची? तुझा प्रश्न आहे, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहीन. आणि पुढच्या मतदानाला शाळेच्या फाटकाशी पहिला मी असेन, डोक्यावरून न्हाऊन. मतदानाच्या दिवसापुरती पाण्याची काटकसर तू माफ केलेली आहेस.

जयभीम, आत्या. हे बघ बोट. डावंच आहे, आणि आत्ताच धुतलंय.

तुझा भाचा,
बाळू