रवंथ

१२ ऑक्टोबर
लंडनच्या हाउन्सलोतला ट्रकांचा धंदा विकला आणि अखेर शेतकरी झालो. हेरफर्डशरमध्ये गोठा, त्यात मांसासाठी वाढवायचे तरणे गोऱ्हे, आणि बाहेर मुरघासाचा डोंगर. चिरलेला मका तीन भिंतींत दाबून भरलाय, वर काळं प्लॅस्टिक, त्यावर जुने टायर. वास थेट मुरलेल्या लोणच्याचा. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी, गुरांची भाषाही येईलच. बायको, सुलक्षणा, म्हणते, कान तुमचे तिखट खरे, पण घरचं तेवढं सोडून सगळं ऐकतात.

१५ ऑक्टोबर
गडी ग्लिन कामाला वाघ. त्याचा पहिला धडा: मुरघासाच्या कापलेल्या कड्याखाली उभं राहायचं नाही. आधीचे मालक प्रॉसर सप्टेंबरात तिथेच गाडले गेले. ढासळलेल्या मुरघासाचं काय केलंस, विचारलं. घातला गुरांना, उरलेला अजून घालतोय, म्हणाला, टाकून कसा द्यायचा. चारा मिसळायची वॅगन बंद असली तरी हा आवाज अडवणारे कानांवरचे मफ काढत नाही. बायकोचा फोन टाळतोस काय, म्हटलं. हसला नाही.

१९ ऑक्टोबर
दुपारी गुरं रवंथ करत बसली होती. कुणीतरी खोकलं. ओला, जन्मभर सिगरेट ओढलेल्या माणसाचा खोकला. मग चघळण्यातूनच नाव आलं, ग्लिन. एका जबड्यातून दुसऱ्यात, हळू. खाताना नाही, गिळलेलं परत तोंडात येतं तेव्हाच. ग्लिनला गाठलं. खोकला प्रॉसरांचाच, म्हणाला. ते गाडले गेले त्या दिवशी तो ट्रॅक्टरवर होता. मालकांची हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

२५ ऑक्टोबर
वसुबारसेसाठी सुलक्षणा हाउन्सलोहून आली. कापायला पाळलेल्यांची पूजा मी करते, पाप तुमचं तुम्ही बघा, म्हणाली. आवाजाचं तिला सांगितलं नाही, लगेच परतली असती. कड्याजवळ जाऊ नकोस एवढं बजावलं. बरं म्हणाली. मीठ कमी खा म्हटल्यावर मी म्हणतो, तसं.

२८ ऑक्टोबर
नैवेद्याला ताजा घास हवा म्हणून ताट घेऊन गेली. मी गोठ्यात वॅगन चालवत होतो. वॅगन बंद केली तेव्हा बाहेर सगळं शांत होतं.
कडा खाली आला होता.

२९ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, क्षणात संपलं असणार. तेवढं वाक्य धरून बसलोय.

३० ऑक्टोबर
गुरं उपाशी, हंबरतायत. ग्लिन येत नाही. बाकीच्या कड्याला भेगा, तिथे हात लावायची सोय नाही. तिच्यावरचा तो ढीग तेवढा मोकळा —
घातला.

३१ ऑक्टोबर
रवंथ सुरू झाला. अहो.
या मुलखात अहो कोण म्हणतं —

१ नोव्हेंबर
ढिगाच्या आतला भाग घातला. अहो, मी इथे आहे. अहो, ते यंत्र बंद करा.
म्हणजे क्षणात नाही. क्षणात नाहीच —

२ नोव्हेंबर
ग्लिन दाराला मफ अडकवून गेलाय. नाही घालणार. तेव्हा ऐकलं नाही, आता निदान —

३ नोव्हेंबर
ढिगातला शेवटचा घास. खाल्ला. बसली सगळी. जबडे एका तालात. दमलीय ती. हळू बोलतेय, सगळ्यांच्या तोंडून. अहो, तुम्हाला ऐकू —