बसवलेली आई

सांगली, श्रावण १९७४

चि. शालूस तुझ्या राहीअक्काचा आशीर्वाद.

मोरीत पडले, पर हाड मोडलं न्हाई. काळजी करू नगंस. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "आजी, रोज चौकट धरून एका पायावर उभ्या ऱ्हावा, तोल सुधारंल."

दोन दिस केलं. तिसऱ्या दिशी आपला मानसिंग वरडला, "आई, शेजारी हसत्यात. गप बस."

तवापास्नं देव्हाऱ्यात ठेवल्यागत खाटंवर बसवलंय. सून पाण्याचा तांब्यासुदीक उचलू देत न्हाई. गावाकडं दोन घागरी डोक्यावर घिऊन चढण चढायची मी. आता सपाट फरशीवर भिंत लागती. काल पुन्ना पडले.

तुझा गुडघा कसा हाय? तुझी सून लय मायेची, आसं लिवलंस. ती "बसा" म्हणाली, तर बसू नगंस.

तुझी अक्का