भात घेऊन गेलेली मैनाओ

प्रिय आई,

काल आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. माझ्या सख्ख्या मायने घरातल्या गेलेल्यांच्या घागरी भरल्या, त्यांत एक तुझ्या नावाची भरली. उंबऱ्यावर पाणी सोडताना तिने विचारलं, "तुनी आसामनी मायनं नाव काय व्हतं रे?" मी सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, पण म्हटलं तिने. आणि मग तिने असं काही विचारलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून लिहायला बसलोय. आठवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलं नव्हतं. तुला मराठी येत नव्हती हे ठाऊक आहे मला. पण माझी मोडकी हिंदी तरी तुला कुठे पुरती कळायची?

दोंडाईच्याहून निघून तुमच्या कोक्राझारकडे केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या टाकायला आलो, तेव्हा महिनाभर टिकेन असंही वाटलं नव्हतं. सुरत सोडलं, पुणं सोडलं, हेही सुटणारच होतं. तू अंगणातली खोली दिलीस आणि नाव न विचारता हाक मारलीस, "ए पाईपवाला, खाया?" त्या सुकटीच्या चटणीच्या वासाने मी अंगणातच पळालो होतो, तर तू पोट धरून हसलीस. दुसऱ्या दिवशी चुलीत वांगं भाजून समोर ठेवलंस. तेल नाही, दाणे नाहीत, तरी भरीतच ते. त्या दिवसापासून तुला आई म्हणायला लागलो. तुमच्या बोलीतही आईला आईच म्हणतात हे मला नंतर कळलं.

तू दिवसभर ओसरीवर मागावर बसायचीस. दोखोना विणायचीस, तुम्ही बोडो बायका अंगाभोवती गुंडाळता ते पिवळं वस्त्र. संध्याकाळी शेजारचे बिरेन काका चहाला यायचे. आपली बोली, आपली जमीन, आपलं राज्य म्हणून तुमची माणसं लढली, तेव्हा काका तरुण होते, बांबूच्या रानात लपलेल्या पोरांतले. मी तुला विचारलं होतं, तू पण बंदूक चालवली का? तू सूत जोडत म्हणालीस, "बंदूक भात पकाता है क्या?"

तेव्हा कळलं, मोर्चात बायका पुढे चालायच्या, मागच्या पोरांना लाठी लागू नये म्हणून. गस्त आली की घरोघरचे माग जोरात वाजायचे, म्हणजे रानात समजायचं. भात केळीच्या पानात बांधून, वर रानभाजी पसरून, पोरी टोपली घेऊन निघायच्या. भाषणात हे कोण सांगतं?

काका मात्र तुला एकच गोष्ट चिडवायचे. "पाईपवाला, तेरा आई हमको भूखा रखा था. डर गया था!" एकाएकी तुझ्या घरचा भात बंद झाला म्हणून तेव्हा सारं गाव तुला भित्री म्हणायचं. तू हसून त्यांच्या कपात आणखी चहा ओतायचीस. मीही हसायचो गं. मला काय माहीत?

मग मी तापाने पडलो. तू कपाळावर ओलं फडकं ठेवत होतीस आणि आपणहून बोलायला लागलीस. तुझी लेक मैनाओही अशाच तापाने गेली, असंच सगळ्यांना सांगितलंस म्हणालीस. ताप नव्हता. भात घेऊन गेली होती. रानात गोळीबार झाला, गोळी कुणाची ते तुलाही कळलं नाही. पोर चालत घरी आली आणि मागाच्या पाठीमागे आडवी झाली. बाहेर गस्त फिरत होती. पोरीचं कण्हणं ऐकू गेलं असतं तर भात कुठे जातो ते उघडं पडलं असतं, रानातली सगळी पोरं गेली असती. म्हणून तू मागावर बसलीस. पोरगी पाठीशी कण्हत होती आणि तू विणत होतीस, जोरजोरात. संध्याकाळी ती गेली. शेजारच्या बायकांनी तिला पुरलं आणि तोंडं मिटली. आता त्याही उरल्या नाहीत.

आई, आवाज काढून रडलीस तरी कधी?

आणि नंतर, सगळं शांत झाल्यावर, काकांना का नाही सांगितलंस? मी विचारलं, तर म्हणालीस, भात त्यांच्यासाठीच चालला होता. "बिरेन अभी भी दो बार भात खाता है. उसका गला में क्यों अटकाएगा?" भित्री म्हणवून घेतलंस, पण त्यांचा घास जपलास. तुझ्यावर रागावू की तुझ्या पाया पडू, मला अजून समजत नाही.

परवा काकांचा फोन आला होता. गावातली पोरं चळवळीत गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवणार आहेत, मला लवकर ये म्हणाले. मग तुझी आठवण काढून म्हणाले, "तेरा आई नसीबवाला था. उसका घर से कोई नहीं गया." मी नुसतं हूं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तू सांग.

काल मायला हे सगळं सांगितलं. माझी बहीण सासरहून आलेली, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणत होती. मायने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आखाजीले पोरी घर येतंस. ती पोरनं कोनी नावच नही लिधं, मंग ती कोना घर येई?"

मी म्हटलं, आईनेच लपवलं ना. तर म्हणाली, "मंग तुले कसाले सांगं तिनी? पोटमा ठेवाले?"

तूच मला निवडलंस, परक्या मुलखातल्या, आज आहे उद्या नाही अशा पोराला. मी गाव सोडून जाताना ते वाऱ्यावर सोडून द्यावं म्हणून सांगितलंस, की कधीतरी कुणीतरी बोलावं म्हणून?

मी बोलावं म्हणून, असं मी धरून चाललोय. चूक असेल तर माफ कर.

परवाच्या गाडीने निघतोय. फोनवर सांगणार नाही, चारचौघांतही नाही. काकांचं जेवण होऊ देईन, मग तुझ्या ओसरीवर त्यांना बोलावून तुझ्या लेकीचं सगळं सांगेन. ते रडतील. त्यांना रडू देईन, हात धरून बसेन. आणि दगडावर मैनाओचं नाव कोरायला त्यांनाच सांगेन. ते काम त्यांच्याच हातून होऊ दे.

तुझा,
पाईपवाला भटू