मोरचूद आणि स्विमिंग पूल

२१ एप्रिल, रविवार

घर पसंत! म्हणजे ललिताला पसंत. मलाही पडलं असतं, पण मागच्या दारी चक्क स्विमिंग पूल निघाला!

आम्ही शोधत होतो काय, तर आईसाठी तळमजल्यावर एक खोली. फेब्रुवारीत ती गावी मोरीत घसरली. तीन तास एकटी पडून होती. शेजारच्या सुलाबाईने कडी वाजवली म्हणून कळलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचं ठरलेलं — "तुमच्या माळ्यावर मी चढनार नाय." तेव्हापासून मला धड झोप नाही. हे ललिताला बोललो नाही. इथे लिहितो.

मखमलाबादच्या पुढे हा बंगला. एजंट रविराज म्हणतो, "काका, पूलसकट असं मोकळं घर मिळायचं नाही." मी विचारलं, बोअरला पाणी किती? तर तो बेडरूम दाखवायला लागला! तीस वर्षं निफाडला द्राक्षं काढली मी. आधी पाणी, मग भिंती. मोटर चालू करायला लावली. अडीच इंची धार! मग मी काय बोलणार?

२४ एप्रिल

आईला घर दाखवलं. पुलाच्या काठावर काठी टेकून उभी राहिली.

"ह्यात काय म्हशी धुयाच्या?"

"आजी, पोहायचं असतं यात," रविराज हसून म्हणाला.

"खोल किती हाय?"

"पाच फूट. आणि या बघा पायऱ्या."

"आमच्या दारणेला नव्हत्या पायऱ्या." झालं! माहेरची नदी काढली की पुढचं कुणी बोलायचं नाही.

खोली विचारली म्हणजे बुडायची भीती वाटतेय, उघड आहे. म्हटलं, आई, कुंपण घालतो. माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीची किल्ली काढली.

गाडीत निकाल दिला — "महिनाभर ऱ्हाईन. नाय करमलं तर मला गावी सोडायचं. वाद नाय."

बरं म्हटलं. सत्याहत्तर वर्षांच्या बाईला उचलून तर आणता येत नाही.

१० मे, अक्षय्य तृतीया

राहायला आलो! आमरस-पुरी. आईने पुलाची ओटी भरली. नवं पाणी घरात आलं की ओटी भरायचीच, त्याला इलाज नाही. हळद-कुंकू, खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ. खण-नारळ काढून घेतले, तांदूळ फिल्टरमध्ये गेले. मेकॅनिक दीड तास खपत होता. शेवटी म्हणाला, "काका, पुढच्या वेळी नुसता नमस्कार करा."

आईची कापडी पिशवी दाराआड भरलेलीच ठेवलीय. कपाटात एकही लुगडं लावलं नाही.

१३ मे

४१ अंश! आणि एवढ्या पाण्यात उतरायला घरात माणूस नाही. ललिता काठावर पाय सोडून चहा पिते, तेवढंच. मला विहिरीत पोहता यायचं, पण तेव्हा पोट नव्हतं. तरी आज छातीइतक्या पाण्यात उभं राहून पेपर वाचला. आई खिडकीतून म्हणाली, "धना, शिंगं तेवढी ऱ्हायली रं!"

स्वतः मात्र या उन्हाळ्यातही डोक्यावरचा पदर काढत नाही. पंख्याखालीसुद्धा.

१७ मे

रोज अर्धा इंच पाणी उडतंय. शेततळ्यावर टाकतात तसं हिरवं शेडनेट आणून पुलावर ताणलं. ललिता म्हणाली, "लोक बंगला घेतात, आमच्या ह्यांनी नर्सरी काढली."

नवल म्हणजे आई माझ्या बाजूने! "नुसतं वरून नको. चारी बाजूंनी लाव. शेजारच्या गच्चीवरून समदं दिसतंय." शेतीतला माझा एखादा सल्ला तिला पटला, असं जन्मात पहिल्यांदाच झालं. खूश आहे मी आज. चारी बाजूंनी लावलं.

१८ मे

पाणी हिरवं पडायला लागलं. शेवाळ!

२० मे

रविराजला फोन केला. म्हणाला, क्लोरीन टाका, माणूस पाठवतो. माणूस कशाला? बागेवर दरवर्षी मोरचूद-चुना मारलाय, शेततळ्यातलं शेवाळ मोरचुदानेच घालवलंय. बागेच्या गोदामात त्या निळ्या खड्यांची अर्धी गोणी पडून होती. बादलीत कालवून बागेच्या अंदाजाने ओतलं. ललिता ओरडत होती, "अहो, हे घडांवर मारायचं ना?" दुर्लक्ष केलं.

२२ मे

शेवाळ साफ! पाणी आरपार! मानलं पाहिजे मला.

२३ मे

मोरचूद थोडा जास्त झाला. ललिताचा पांढरा टॉवेल काल पुलात पडला होता, सकाळी हिरवा निघाला. तीनदा धुतला. लिंबू लावलं. जात नाही. बोलणी खाल्ली. पाऊस लागला की पाणी बदलायचं, तोवर कुणी उतरायचं नाही असं ठरलं. तसं उतरतंय कोण?

२८ मे

आई दोन भाकरी जेवली. गावी अर्धीवर उठायची. गुडघ्याचं गाऱ्हाणंही बंद आहे. ललिता म्हणते, "आपण उठायच्या आत त्यांची आंघोळ झालेली असते, साडेपाचला लुगडं दोरीवर!"

विचारलं, करमतंय का?

"बघू."

१ जून

पिशवी तिथेच. आता मला त्या पिशवीचा राग येतो. आज दुपारी आई झोपलेली असताना ती माळ्यावर टाकायला निघालो होतो. पंचावन्न वर्षांचा बाप्या! ललिताने बघितलं. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली.

आई गावी परत गेली तर पुन्हा रोज सकाळी सातला फोन. ती उचलेपर्यंत रिंग मोजायच्या. सहाव्या रिंगला सुलाबाईचा नंबर शोधायचा. मला ते आता नको आहे. तिने इथे राहावं. बस, एवढंच हवंय मला. पूल गेला खड्ड्यात!

५ जून

आईला त्र्यंबकेश्वरला नेलं. पंचवटीतून तिच्या आवडीचे काकडी-भोपळे आणले. बागेतल्या मजुरांनाही इतकं जपलं नव्हतं कधी. "लोनी लावू नको," म्हणाली. ओळखलं तिने.

८ जून

सुलाबाईचा फोन. आईला ती आत्या म्हणते. "धनाभाऊ, आत्यानं सांगितलंय घर झाडून ठेव म्हनून. सोमवारी येनार ना?"

येणार, म्हटलं.



१० जून, सोमवार

महिना भरला. पिशवी गाडीत ठेवून आत आलो. आई रोज स्वतःच अंबाडा घालते, पण ललिता आज हट्टाने फणी घेऊन बसली होती. तिने आईचा पदर मागे घेतला आणि फणी हातातच राहिली.

आईचे पांढरे केस हिरवे! थेट त्या टॉवेलसारखे.

मी पुलाकडे बघितलं. चारी बाजूंच्या जाळीकडे बघितलं. आईकडे बघायची हिंमत होईना.

"उभा काय ऱ्हायलास? पिशवी काढ गाडीतून," आई म्हणाली. "आन् पुढच्या खेपेला मोरचूद कमी घाल."