वजा जाता उरलेला राग

१५ नोव्हेंबर १९९८, रविवार
साखर कारखान्यातर्फे बारामतीला एक दिवसाचं शिबिर. विषय: भावना ओळखा, भावना आवरा. आम्ही तेवीस जण. मला का निवडलं कळत नाही. शेतकी अधिकारी म्हणाले, दादासाहेब, तुमी जाच. त्या 'च'वर जोर होता. सीनियर म्हणून असेल. गेल्या आठवड्यात काट्यावर एका गाडीवानाशी थोडं बोलणं झालं, त्याचा याच्याशी संबंध नसावा. त्याचा सदरा आधीपासूनच फाटका होता.

मॅडम पुण्याच्या. म्हणाल्या, राग आला की त्याला शून्य ते दहा आकडा द्या, रोज लिहा, खाडा करू नका, फक्त स्वतःसाठी लिहा. वही त्यांनीच दिली. बाकी भावनांनाही रकाने आहेत: भीती, दुःख, लाज. ते मला लागू नाहीत, रेघ मारली.

संकल्प: १ जानेवारीपर्यंत राग शून्य. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. जेवणात बालुशाही होती. दोन घेतल्या.

१६ नोव्हेंबर, सोमवार
मॅडमच्या पद्धतीत चूक आहे. नुसता आकडा लिहून काय कळणार? मी चौदा वर्षं कारखान्याच्या काट्यावर क्लार्क आहे. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, त्यातून रिकामी गाडी वजा करायची, उरेल तो ऊस. रागाचंही तेच. एकूण राग घ्यायचा, त्यातून दुसऱ्याची चूक वजा करायची, उरेल तो आपला.

आज घरी आलो तर आमटी गार. राग ७. वजा: गार आमटी (मनिषा) ४. निव्वळ राग ३. म्हणजे माणूस मुळात शांतच. आकड्यानं सिद्ध झालं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
चाँदभाईंना पद्धत सांगितली. ते काट्यावर माझ्या शेजारी बसून पावत्या लिहितात. म्हणाले, दादासाहेब, किती वजा करायचं ते कोण ठरवतंय? म्हटलं, मीच की. मग ते बराच वेळ पावतीपुस्तक चाळत बसले. माणूस सोन्यासारखा, पण नवीन गोष्ट चटकन डोक्यात शिरत नाही.

राग ६, वजा ५ (दोन गाडीवान, एक ट्रॅक्टरवाला). निव्वळ १.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
घरात फरक दिसायला लागला. मी पाऊल टाकलं की रेडिओ बंद. आमची सृष्टी, चौथीत आहे, पुस्तक घेऊन कोपऱ्यात. मनिषा ताट वाढून बाजूला उभी. वाटीचासुद्धा आवाज नाही. असं घर अख्ख्या कळस गावात दाखवा म्हणावं. शेजारच्या कुशाबाईंच्या घरात दिवसभर बाजार भरलेला असतो.

सृष्टी मितभाषी आहे. माझ्यावर गेली. राग २, वजा २. निव्वळ शून्य! पहिल्यांदाच.

२९ नोव्हेंबर, रविवार
आज लिहायचं नव्हतं. पण खाडा नको.

दुपारी ताट भिंतीला लागलं. कालवण खारट होतं. ताट माझ्या हातातून गेलं हे मान्य, पण ते भिंतीकडंच निघालं होतं. सृष्टी मधे पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला पाणी आण असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. भुवईला दोन टाके. इंदापूरच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, कसं गं लागलं? पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, पडले. मी काही शिकवलं नव्हतं. हुशार आहे.

डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर. पुढचं मी विचारलं नाही.

राग ९. वजा: मीठ ३, पोरगी मधे आली ३, रविवारची झोप मोडली २. निव्वळ १. मार्चमधल्या प्रकाराच्या मानानं पुष्कळ प्रोग्रेस.

३० नोव्हेंबर, सोमवार
मनिषा रडली नाही. पूर्वी असं काही झालं की दोन-दोन दिवस डोळे पुसत असायची. आज मुकाट भाकरी थापली, डबा दिला. तिलाही कंट्रोल जमायला लागला. माझं बघूनच शिकली असणार, तिला कुठलं शिबिर!

५ डिसेंबर, शनिवार
शिलाई मशीन जागेवर नाही. विचारलं. खाली बघून म्हणाली, सोनबा घिऊन गेलाय, आमच्या नरसिंहपुरात तितं एक दुरुस्तीवाला चांगला हाय. सोनबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आता कळसहून नरसिंहपूरला जायचं म्हणजे वाटेत इंदापूर, आणि इंदापुरात मशीनवाले गल्लोगल्ली. पण मी वाद घातला नाही. खिडकीपाशी तेवढीच जागा मोकळी झाली. तिथं माझी खुर्ची टाकली. उजेड छान येतो.

राग ३, वजा ३.

१० डिसेंबर, गुरुवार
पाय लागला तर मनिषाची ट्रंक सरकली. एरवी दोघांनी उचलावी लागते. म्हणाली, जुनी लुगडी आईला गोधडीला धाडली. काटकसरी बाई. एवढ्या लुगड्यांच्या गोधड्या कोण पांघरणार, हा प्रश्न मनात आला, पण विचारून उगाच तिचा मूड कशाला घालवा. सृष्टीची चित्रकलेची पेटीही दिसत नाही. पोरं हरवतात. ओरडलो नाही. (ही नोंद मॅडमनी वाचायला हवी होती.)

१३ डिसेंबर, रविवार
आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा असा. मटण. मीठ बरोबर. दोघी मायलेकी कशा शहाण्यासारख्या बसल्या होत्या! हात धुतल्यावर मनिषानं सृष्टीच्या शाळेचा अर्ज पुढं केला. म्हणाली, हितं खाली सही करा. वरचा मजकूर तिच्या तळहाताखाली होता. चौथीचं वर्ष, म्हणजे शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा असणार. चष्मा आत होता, वाचला नाही. बायकोवर विश्वास टाकणं हे शांत माणसाचं लक्षण. झोकात सही ठोकली.

तिनं कागद घडी करून लगेच पोलक्यात ठेवला. सृष्टी आईच्या हाताकडं बघत होती.

राग ०. वजा करायलाच काही नाही.

२१ डिसेंबर, सोमवार
चाँदभाईंनी चहा पिता पिता विचारलं, घरात बोलतं का हो कुणी तुमच्याशी? म्हटलं, गरजच पडत नाही, सगळं आपोआप होतं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आमच्या बायकोला, परवीनला, तुमची मंडळी बाजारात भेटली हुती. दादासाहेब, माझं ऐका, चार दिस रजा टाका आन् घरी बसा, बायकापोरीला काय वाटतंय ते इचारा. सीझनमध्ये रजा! मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

नंतर जरा रागच आला. माझ्या घरचं यांना काय माहीत? ५, वजा ५ (चाँदभाई).

२५ डिसेंबर, शुक्रवार
सलग तीन दिवस शून्य. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. काल सृष्टीच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात वर केला, तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टाक्यांच्या जागी अजून दुखत असेल. दुखायला नको खरं तर, टाके काढून पंधरा दिवस झाले. हात खाली घेतला. छातीत काहीतरी झालं. राग नव्हता. आकडा दिला नाही. ॲसिडिटी असावी.

२८ डिसेंबर, सोमवार
सृष्टीचे हेडमास्तर रस्त्यात भेटले. म्हणाले, हुशार पोरगी नेलीत आमची. म्हटलं, कुठं नेली? म्हणाले, शनिवारी वहिनी दाखला घेऊन गेल्या की, शाळा सोडल्याचा. अर्जावर सही तुमचीच आहे. म्हटलं, तो शिष्यवृत्तीचा अर्ज. त्यांनी घड्याळ बघितलं आणि निघाले. शाळेत गफलती फार होतात.

घरी आलो तर कुलूप. किल्ली कुशाबाईंकडं. म्हणाल्या, सकाळच्या यष्टीनं गेल्या दोघी, पिठाचा डबा भरून ठिवलाय म्हनून सांगितलंय. आणखी काय सांगितलं? तर म्हणाल्या, आनखी काय न्हाय. माझ्याशी बोलताना त्यांनी दाराची एक फळी लावूनच ठेवली होती.

माहेरी गेली असेल चार दिवस. बायकांना जावंसं वाटतं.

१ जानेवारी १९९९, शुक्रवार
संकल्प पूर्ण! राग शून्य, सलग पाचवा दिवस. घरात कुणावर रागवावं असं काही घडलंच नाही. भाकरी स्वतः केली. करपली. कुणाला काही बोललो नाही.

चाँदभाईंना सांगितलं, शून्यावर आलो. म्हणाले, व्हय, दिसतंय.

३ जानेवारी, रविवार
सकाळी M80 वरून नरसिंहपूर. ही वही बरोबर घेतली. निव्वळ आकडे बघितले की मनिषाची खात्री पटेल. इंदापुरात पाव किलो पेढे घेतले.

सासूबाई (आक्काबाई) अंगणात तूर पाखडत होत्या. पाणी दिलं. मनिषा बाहेर आली नाही. सोनबा उंबऱ्यात आडवा उभा. म्हणाला, दाजी, ताई न्हाय यायची आता, आन् पोर बी न्हाय. मी अगदी शांत. वही पुढं केली. त्यानं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, आमाला ठावं हाय किती हुतं ते. तिच्या भुवईवर हाय.

वही परत घेतली. तेवढ्यात घरामागून पोरीच्या हसण्याचा आवाज आला. खिदळणं नुसतं, ठसका लागेपर्यंत. मधेच शेळीला दम देत होती, गाणं म्हणत होती, परत हसत होती. एवढा दंगा. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, पोरगी भलतीच वांड दिसतीय, कुणाची?

आक्काबाईंच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाल्या, पाव्हणं, तुमचीच की. सृष्टी हाय ती.

म्हटलं, छे. सृष्टीचा आवाज असा नाही. मग मीच उठून हाक मारली, सृष्टी!

हसणं तिथंच तुटलं. पळाल्याचा आवाज आला. आत कुठंतरी दार लागलं, कडी पडली.

मी परत खाली बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेळी ओरडत होती तेवढंच. आक्काबाई हळूच म्हणाल्या, तुमी जावा आता. तुमी हितं हाईसा तवर पोर भाईर यायची न्हाय.

पेढे ओट्यावर ठेवले. गाडी चालू केली, निघालो. पुढं वळणावर बाभळीखाली गाडी बंद करून थांबलो. काही ऐकू येईना. म्हटलं, अजून आतच असेल. म्हटलं, परत जाऊन बघावं. गेलो नाही, उभा राहिलो.

थोड्या वेळानं ती परत हसायला लागली.