रिकामं शे ना?

अब्बा, आज तुमचा राग आठवला म्हणून लिहायला बसले. नंदुरबारला आले आहे, चार दिवसांच्या रजेवर. तुमच्या भट्टीमागची भिंत अजून काळीच आहे, तुम्ही गेल्यावर कितीदा चुना मारला तरी.

कल्हईला भांडं घेताना तुम्ही प्रत्येकीला विचारायचात, "रिकामं शे ना, माय?" भांडं तर समोर उघडं असायचं. मला त्याचं हसू यायचं. एकदा कोरीट गावची एक म्हातारी म्हणाली, "नई भाऊ. मन्हा धल्लासाठे शेवटली खीर यामाच करेल व्हती." नवऱ्याची म्हणे शेवटची खीर! तळाला नुसती करपलेली खरवड होती. मी फिस्सकन हसले. तुम्ही मात्र भांडं परत तिच्या मांडीवर ठेवलंत. तिनं नखानं खरवड सोडवली, पदराच्या गाठीत बांधली, मगच तुम्ही भट्टी फुलवलीत. ती गेल्यावर माझ्यावर असे भडकलात की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. "हँसती क्या है? पूछे बगैर किसी का बर्तन घिसने का नहीं."

आता मी बुडालेल्या जहाजांतल्या वस्तू साफ करते. माणसाला उतरता येत नाही इतक्या खोल समुद्रातून यंत्राचा हात ताटल्या, कंगवे, एखादी चप्पल वर आणतो. गेल्या महिन्यात तांब्याचं एक पातेलं आलं. आतली कल्हई अजून कुठेकुठे दिसत होती. तळाला करपट थर होता. तो जपून तपासणीला पाठवायचा असतो, हे मीच नव्या लोकांना शिकवते. पण कल्हईवाल्याची पोर मी, हात शिवशिवले. पातेलं लख्ख झाल्यावर भानावर आले.

परवा त्या जहाजावरच्या स्वयंपाक्याची मुलगी आली. नव्वदीची असेल. जहाज बुडालं तेव्हा ती चार वर्षांची होती. बापाचं ना प्रेत मिळालं, ना कपडा. पातेलं मांडीवर घेऊन तिनं आत बोट फिरवलं. "बाबानं त्या दिवशी काय रांधलं होतं, कळलं का गो?"

"रिकामं होतं, आजी," मी म्हणाले. अहवालातही तेच लिहिलं.

तेव्हापासून मला करपल्याचा वास येतो. आत्ताही येतोय. गॅस बंद आहे, दोनदा बघून आले. मला भीती वाटते, अब्बा.

तुमचा पत्ता नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. त्या आजीचा आहे माझ्याकडे.